साइट हलवण्याआधी मेलचं बघा
शेअर्ड होस्टिंगवरची (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) साइट व्हीपीएसवर, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या आभासी सर्व्हरवर हलवताना फाइली आणि डेटाबेस नेला की झालं, असं बरेचदा म्हटलं जातं. साइटपुरतं ते बरोबर, पण मेलचं काय? शेअर्ड होस्टिंगवर मेलपेट्या बहुतेक वेळा त्याच सर्व्हरवर असतात. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याची साइट मी हलवली, डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर न्यायचं ते सांगणारा ए रेकॉर्ड बदलला, साइट झकास उघडली. दोन दिवसांनी फोन आला, "भाऊ, दिल्लीची एकही ऑर्डर मेलवर आली नाही, माल कापायचा का नाही?" डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचे ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड मूळ डोमेनच्याच नावाकडे वळवलेला होता, त्यामुळे मेलही नव्या सर्व्हरवर जात होते. तिथे मेल घ्यायला काही बसवलेलंच नव्हतं. पाठवणारे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, म्हणून बरेचसे मेल नंतर पोचले. पण झाडावरची केळी तेवढी थांबत नाही हो.

मेल जुन्याच जागी ठेवायचे असतील तर 'मेल' नावाच्या सबडोमेनला जुना आयपी द्या आणि एमएक्स तिकडे वळवा. टीटीएल, म्हणजे जुना रेकॉर्ड इतरांकडे किती सेकंद साठून राहतो तो आकडा, ८६४०० (एक दिवस) असेल तर आदल्या दिवशीच ३०० करून ठेवा. आणि बऱ्याच व्हीपीएसवर मेल थेट बाहेर पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं दार) बंद असतं. साइटवरच्या फॉर्मचे मेल ५८७ नंबरच्या पोर्टवरून, मेलपेटीचं लॉगिन देऊनच पाठवा.