शब्दचर्चा : ‘फू-चंग छ्यू-श्ये’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ती :
एका दिवाळी अंकासाठी चिनी वैद्यकावरचा लेख इंग्रजीतून मराठीत करते आहे. त्यात चार अक्षरांचा एक शब्दप्रयोग सारखा येतो : फू-चंग छ्यू-श्ये. मूळ लेखात एके ठिकाणी त्याचा अर्थ ‘सदाचाराला पाठबळ आणि दुष्टांचं निर्दालन’ असा दिलाय आणि दोन पानांनंतर ‘प्रतिकारशक्ती वाढवून रोगजंतूंचा नाश’ असा. पहिला अर्थ वाचताना कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं, दुसरा वाचताना औषधाच्या बाटलीवरचं लेबल. माझ्या खर्ड्यात सध्या ‘शरीर बळकट करणे व रोग हटवणे’ असं आहे. ते चूक नाही, पण मन मानत नाही. मुळात हा शब्द काय सांगतो आणि आपल्याकडे त्याच्या जवळचं काय आहे?

चिनी भाषेचा विद्यार्थी :
आधी उच्चार, कारण लेखात तो बरोबर छापला जायला हवा. रोमन लिपीतल्या ‘झेड-एच’वरून लोक ‘झेंग’ लिहितात, पण तो आवाज आपल्या ‘च’च्या जवळचा आहे. ‘क्यू’ म्हणजे ‘छ’. अल्पप्राण-महाप्राणाचा फरक चिनीतही अर्थ बदलतो आणि तो दाखवायला देवनागरी रोमनपेक्षा कितीतरी सोयीची आहे. तुम्ही लिहिलंय तेच ठेवा.

आता एकेक अक्षर. ‘फू’च्या डाव्या अंगाला हाताची खूण आहे. पडणाऱ्याला हात देऊन उभं करणं, म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून चालवणं, हे फू. त्यात ताकद वाढवणं नाही, तोल जाऊ न देणं आहे. ‘चंग’ म्हणजे सरळ, ताठ, जागच्या जागी असलेलं. ‘छ्यू’च्या डावीकडे देवकार्याची, पूजाविधीची खूण आहे आणि उजवीकडे ‘जाणे’. म्हणजे विधी करून अरिष्ट घालवणं. आणि ‘श्ये’ म्हणजे तिरकं, वाकडं, म्हणून वाईट, म्हणून रोग आणणारं.

तेव्हा ‘चांगलं-वाईट’ ही जोडी मागाहून आली. मुळाशी सरळ-वाकडं ही जोडी आहे. आपणही ‘काही वाईट-वाकडं होऊ नये’ म्हणतोच की.

वैद्य (आयुर्वेद) :
वरचं वाचून मला चरकाच्या चिकित्सास्थानातल्या पहिल्याच अध्यायातली ओळ आठवली : ‘स्वस्थस्योर्जस्करं किञ्चित् किञ्चिदार्तस्य रोगनुत्’. औषध दोन प्रकारचं. एक निरोगी माणसाला ऊर्जा देणारं, दुसरं आजारी माणसाचा रोग घालवणारं. शब्दांची जोडी तुमच्या चिनी जोडीशी जवळपास तंतोतंत जुळते. पण म्हणून ‘ऊर्जस्कर-रोगनुत्’ असं भाषांतर करू नका. चरकाची विभागणी माणसांची आहे : निरोग्याला हे, रोग्याला ते. माझ्या समजुतीप्रमाणे चिनी वैद्य या दोन्ही गोष्टी एकाच रोग्यात, एकाच काढ्यात करू पाहतो. त्या अंगाने पाहिलं तर वाग्भटाचं बृंहण-लंघन जास्त जवळचं. एक भर घालणारं, दुसरं उतरवणारं. कुठलं कधी, हे ठरवण्यातच वैद्याचं कसब.

प्रश्नकर्ती :
मग सरळ ‘प्रतिकारशक्ती’ का नको? २०२० पासून तो शब्द घराघरात गेलाय. वाचकाला अडखळावं लागणार नाही.

वैद्य (आयुर्वेद) :
न अडखळता वाचक चुकीच्या ठिकाणी पोचेल, म्हणून नको. संधिवाताचा एक प्रकार असा आहे की त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिथे आधुनिक डॉक्टर ती यंत्रणा दबवायची औषधं देतो. असा रोगी तुमच्या लेखात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ वाचेल आणि काय करेल, याचा विचार करा. चिनी शब्दात ‘वाढवा’ नाहीच, हे वर आलंच आहे. शिवाय त्यात भूक, पचन, झोप, दुखण्यातून उठण्याची धमक हे सगळं येतं. प्रतिकारशक्ती हा त्याचा एक तुकडा झाला.

आयुर्वेदातला ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द पाहता येईल. चरकाचा टीकाकार चक्रपाणी याने त्याचे दोन भाग केलेत : झालेल्या रोगाच्या बळाला विरोध करणं आणि रोग होऊच न देणं. शास्त्रीय लेखात मी तोच वापरला असता. दिवाळी अंकात तो जड होईल.

चिनी भाषेचा विद्यार्थी :
‘सदाचार’ हा अर्थ मात्र इंग्रजी लेखकाने हवेतून आणलेला नाही. छी म्हणजे शरीरात आणि भोवताली वावरणारी प्राणशक्ती, हवा, वाफ. चंग-छी, म्हणजे सरळ असलेली छी, हा शब्द वैद्यकात आणि नीतीत एकच आहे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वैद्यकाच्या बाहेरचं आहे.

वन थ्येन-श्यांग हा चीनमधल्या दक्षिण सोंग राजघराण्याच्या दरबाराचा मंत्री. मंगोलांनी त्याला पकडून आजच्या बीजिंगमध्ये एका मातीच्या कोठडीत टाकलं. १२८१ साली त्याने तिथे चंग-छीवर एक दीर्घ कविता लिहिली. तिच्या प्रस्तावनेत तो कोठडीतल्या सात ‘छी’ मोजून दाखवतो : पावसाचं पाणी आत शिरून साचतं त्याची, चिखलाची, उन्हात कोंडलेल्या हवेची, चुलीच्या आगीची, कुजलेल्या धान्याची, दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांच्या घामाची, आणि घाणीची, मेलेल्या उंदरांची. यातली माणसं आजारी पडल्याशिवाय राहत नाहीत, असं तो म्हणतो. मी अशक्त, तरी दोन वर्षं इथे धडधाकट आहे. कोठडीतल्या छी सात, माझी एक. एकाने सातांशी झुंजायचं, मला कसली भीती?

१२८३ साली त्याला मारलं. दरबारी पद देऊ करूनही तो वाकला नव्हता.

त्याच्या लेखी निष्ठा आणि तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. सरळ राहिलेली एकच छी त्याला शरण जाऊ देत नव्हती आणि तापानेही लोळू देत नव्हती. हा प्रसंग वाचल्यापासून मला ‘चंग’चं भाषांतर फक्त ‘प्रकृती’ किंवा फक्त ‘सत्प्रवृत्ती’ असं करवत नाही.

एक वाचक :
महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद : सद्रक्षणाय खलनिग्रहणाय! बांधणी अगदी तीच. चौकीवर रोज वाचतो आपण.

चिनी भाषेचा विद्यार्थी :
नेमकं. आणि आजच्या चिनीत हे चार शब्द त्या अर्थानेही येतात. समाजातल्या चांगल्या प्रवृत्तींना बळ द्या, वाईट मोडून काढा, अशा घोषणावजा वाक्यांत. तिथे पोलिसांचं ब्रीद भाषांतर म्हणून जसंच्या तसं चालेल. लेखात ‘सदाचाराला पाठबळ’ ज्या ठिकाणी आलंय, तो संदर्भ समाजाचा आहे की शरीराचा, ते एकदा तपासा.

जाता जाता, नुसत्या ‘फू-चंग’ला जुन्या चिनी घरांत आणखी एक अर्थ होता. पत्नी वारल्यावर उपपत्नीला पत्नीचा दर्जा देणं. तिलाही ‘सरळ’ जागी उभं करायचं. शब्दकोशात हा अर्थ दिसला तर गोंधळू नका.

वैद्य (आयुर्वेद) :
मला आता एक प्रश्न आहे. आमच्याकडे ‘ज्वरे लंघनमेवादौ’. ताप आला की आधी लंघन, पोषण नंतर. चिनी जोडीत फू आधी येतं. म्हणजे आधी बळ द्यायचं, मग रोग घालवायचा, असा क्रम आहे का?

चिनी भाषेचा विद्यार्थी :
नाही, तो उच्चाराचा ओघ आहे. क्रमाबद्दल तर चिनी वैद्य शतकानुशतकं भांडलेत. बाराव्या-तेराव्या शतकात उत्तर चीनमध्ये दोन वैद्य जवळपास एकाच काळात होऊन गेले. चांग त्सोंग-चंग (११५६–१२२८) म्हणायचा, रोग हा माणसाच्या अंगचा नसतो. तो बाहेरून आलेला किंवा आत उपजलेला परका आहे, त्याला लवकरात लवकर बाहेर काढा. घाम, उलटी, जुलाब ही त्याची तीन हत्यारं. श्ये गेलं की चंग आपोआप जागेवर येतं. पोसायचं असेल तर अन्नाने पोसा, औषधाने हल्ला करा, असं त्याचं म्हणणं.

दुसरा ली तोंग-युआन (११८०–१२५१). १२३२ साली मंगोलांनी कायफंग शहराला वेढा घातला तेव्हा तो आत होता. वेढा उठल्यावर माणसं पटापट आजारी पडून मरायला लागली. बाकीचे वैद्य ते बाहेरून लागलेलं दुखणं समजून घाम काढत होते, जुलाब देत होते. लीचं निदान वेगळं होतं. दोन-तीन महिने उपासमार, भीती, श्रम, आणि वेढा उठताच अधाशासारखं खाणं. जठर आणि प्लीहा आतून खचलेत, त्यांच्यावर हल्ला केला तर माणूसच जाईल. पचनाला आधार देणारे त्याचे काढे चिनी वैद्य आजही देतात.

मला दोघांचंही पटतं, पण त्या शहरात मी असतो तर लीकडे गेलो असतो.

उलट बाजूची चूकही त्यांना माहीत आहे. रोग आत असताना पौष्टिक औषध द्यायला घाई केली तर ‘दार लावून दरोडेखोराला आत ठेवलं’ म्हणतात. म्हणून औषधं जोडीने रचतात. सर्दी-तापाच्या एका जुन्या चूर्णात घाम आणणाऱ्या वनस्पतींबरोबर थोडंसं जिनसेंग असतं, रोग ढकलून द्यायला रोग्याच्या अंगात जोर राहावा एवढ्यासाठीच. दुसरं एक चूर्ण तीनच वनस्पतींचं, त्याचं नाव ‘जेडचा आडोसा’. ज्याला सारखी सर्दी होते, जरा काही झालं की घाम फुटतो, त्याच्यासाठी. दोन वनस्पती आतून बळ धरणाऱ्या. तिसरीचं नावच मुळी ‘वारा अडवणारी’.

मूळची मालवणची, सध्या पुण्यात :
इतका वेळ वाचत होते. ‘श्ये’ला ‘रोग’ म्हणू नका असं मला वाटतं. आमच्या आजीचा शब्द आहे ना : बाधा. ‘पावसाळी वारा बाधला’, ‘दही बाधलं’, ‘ऊन बाधतं हो, टोपी घाल’. आणि ‘बाहेरची बाधा’ झाली की वाटेवर उतारा ठेवायचा, हाही तोच शब्द. सरळ-वाकडं, भूत आणि सर्दी, सगळं त्यात मावतं.

चिनी भाषेचा विद्यार्थी :
हे मला सुचायला हवं होतं! चिनी वैद्यकात बाहेरून येणारी सहा श्ये सांगितली आहेत : वारा, थंडी, उन्हाळ्याचा उष्मा, दमटपणा, कोरडेपणा, आग. प्रत्येकापुढे ‘बाधला’ किंवा ‘बाधली’ लावून बघा, वाक्य मराठी होतं. आणि ‘पिवळ्या सम्राटा’च्या नावावर असलेल्या प्राचीन वैद्यकग्रंथाबरोबर जे वाक्य सांगतात, ते ज्या अध्यायात आहे तो सोंग काळात पुरवणी म्हणून जोडला गेला, पण वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचा मला आजवर नीट अनुवाद जमला नव्हता. आता जमतो : ‘चंग-छी आत असेल तर श्ये बाधू शकत नाही.’ तिथलं चिनी क्रियापदसुद्धा आगळीक करणं, मध्ये घुसणं याच अर्थाचं आहे.

वैद्य (आयुर्वेद) :
आणि हा शब्द अंधश्रद्धेतच अडकलाय असंही कोणी म्हणू शकणार नाही. लग्नाच्या जेवणातून होते ती विषबाधा. कोरोनाच्या काळात प्रत्येक वर्तमानपत्र रोज ‘बाधित’ रुग्णांचे आकडे छापत होतं.

प्रश्नकर्ती :
मग ‘श्ये’ला बाधा. ‘फू’ला ‘सावरणे’ घेते, पडणाऱ्याला हात देऊन धरणं त्यात नेमकं आलं. ‘चंग-छी’ला ‘अंगचं बळ’ म्हणावं असं वाटतं. ‘अंगचं’मुळे ते बाहेरून ओतलेलं नाही हे कळतं, आणि ‘अंगचा गुण’ म्हणताना त्यात स्वभावही येतो. तर पूर्ण वाक्य असं :

‘अंगचं बळ सावरायचं आणि बाधा काढायची, या दोन्हींवर चिनी वैद्याची नजर एकाच वेळी असते. कुठे जोर द्यायचा हे तो रोगी बघून ठरवतो.’

पहिल्यांदा येईल तिथे मूळ चिनी शब्द देवनागरीत देईन आणि वन थ्येन-श्यांगच्या कोठडीवर एक चौकट टाकायला संपादकांना विचारेन.

वैद्य (आयुर्वेद) :
वाक्य उत्तम. फक्त लेखात जिथे जिथे ‘असा उपचार रोग बरा करतो’ असं येईल, तिथे ‘असं चिनी वैद्यक मानतं’ हे सोडू नका. शब्दाचा अर्थ आपण इथे लावला, औषधाच्या गुणाची परीक्षा केलेली नाही.

मूळची मालवणची, सध्या पुण्यात :
‘बाधा काढायची’ की ‘घालवायची’? आमच्याकडे काटा काढतात, दृष्ट काढतात, पण बाधा घालवतात.

प्रश्नकर्ती :
घालवायची. बदलते.