शिक्षक मतदारसंघ: आमदार उभे नाहीत आणि यादीत मीही नाही

खडूवाली, मुंबई
शनिवारी, १५ जून २०२४ला, शाळा उघडली. मधल्या सुट्टीत सहज मोबाईलवर शिक्षक मतदारसंघाची, म्हणजे विधान परिषदेवर शिक्षकांचा आमदार निवडणाऱ्यांची, यादी शोधली. माझं नाव नाही! २०१८ला मी याच शाळेतून मत दिलं होतं. मुख्याध्यापकांच्या दाखल्यासकट नमुना १९, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, दिवाळीआधी ऑफिसात दिला होता. काल कपाटात सापडला. स्कॉलरशिपच्या फॉर्मांखाली, आम्हा पाच जणांचे अर्ज एकाच टाचणीत. क्लार्क म्हणतात, "मॅडम, जुन्या यादीत होतात ना, मला वाटलं चालेल."

पदवीधर मतदारसंघाच्या यादीत मात्र आहे, कारण तो अर्ज मी स्वतः जाऊन दिला. म्हणजे २६ तारखेला पदवीधरच्या उमेदवारांत अनिल परब की किरण शेलार यात माझं मत चालेल, पण शिक्षक आमदार कपिल पाटलांच्या जागी कोण, हे मला कुणी विचारणार नाही. २००६पासून तीनदा निवडून आले, या वेळी स्वतः उभे नाहीत, त्यांच्या शिक्षक भारती संघटनेचे सुभाष मोरे आहेत. मी २००८ला नोकरीला लागले, म्हणजे जुन्या पेन्शनच्या १ नोव्हेंबर २००५च्या रेषेपलीकडची, ती न मिळणारी. त्या पेन्शनसाठी आझाद मैदानात डबा घेऊन आंदोलनाला बसलेली आहे. पाटलांचं सगळं पटलं असं नाही, तोंडावर बोललेही आहे. पण सोळा वर्षं ज्यांच्याशी वाद घातला, त्यांच्या नंतरचा माणूस निवडताना आपण नाही, हे फार लागलंय.

आता काही होईल का? आणि पदवीधरला उमेदवारांपुढे १, २, ३ असे सगळे पसंतीक्रम लिहावेच लागतात का? गेल्या वेळी मी फक्त १ लिहिला, तर एक मैत्रीण म्हणाली मत बाद झालं.

निवृत्त मास्तर
बाई, आता नाही. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे ७ जूनपर्यंत, नाव घालता येत होतं. या मतदारसंघांची यादी दर वेळी कोरी बनते, जुनं नाव पुढे येत नाही. गंमत बघा, मतदान आधी १० जूनला होतं. शिक्षक सुट्टीत गावी असतात म्हणून पुढे ढकललं, त्याबरोबर मुदतही सरकली. ते दिवस तुमचे गावी गेले असणार.

खडूवाली, मुंबई
सावंतवाडीला. फणस सोलत होते.

बूथवर बसलेला
मैत्रिणीचं ऐकू नका. १ लिहिलात ना? मत वैध. पुढचे क्रम ऐच्छिक. पण लिहा, कारण निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं. पहिल्या फेरीत कुणी तिथे पोचला नाही, तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरचा २ मोजतात. तुम्ही लिहिलाच नसेल तर तुमचा कागद तिथेच थांबला. आणि केंद्रावरचा जांभळा पेनच वापरा. स्वतःचा बॉलपेन नको, टिकमार्क नको, "एक" असं अक्षरात नको, सही तर मुळीच नको. शिकलेल्यांचा मतदारसंघ आहे, तरी बाद मतांचा गठ्ठा बघून आम्ही कपाळाला हात लावतो.

दादरचा पदवीधर
पदवीधरलाही तेच की. तिथले आमदार विलास पोतनीसही उभे नाहीत. आणि परब विधानसभेच्या आमदारांनी परिषदेवर निवडलेले, त्यांची ती मुदत २७ जुलैला संपतेय. एका दारानं बाहेर, दुसऱ्यानं आत. विधान परिषदेत ७८ जागा, त्यात शिक्षकांच्या सात. त्या सातांतल्या एकीची यादी तुमच्या कपाटात अडकली म्हणायची.

निवृत्त मास्तर
मुंबईच्या शिक्षक यादीत जेमतेम पंधरा-सोळा हजार नावं. पाच अर्ज म्हणजे थट्टा नाही.

खडूवाली, मुंबई
आभार सगळ्यांचे. बुधवारी पदवीधरचं मत देते, १ आणि २ दोन्ही लिहून. माझा अर्ज टाचणीतून काढून घरी आणलाय. पुढच्या वेळी पोचपावती हातात आल्याशिवाय ऑफिसातून हलणार नाही. बाकीचे चार अजून कपाटातच आहेत. त्यातले दोघे रोज स्टाफरूममध्ये कोण निवडून येणार यावर पैज लावतायत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.