घोड्याने सईसचा चहा प्यायला तर डोप टेस्टमध्ये येतं का? (पुणे)

मुळाकाठची_आई
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट विचारतेय. माझी मुलगी शो जंपिंग करते, घोडा पुण्याबाहेर एका तबेल्यात ठेवलाय. सकाळी जाऊन बघते तर आमचा सईस (घोड्याची देखभाल करणारा माणूस) खरारा करता करता स्वतःचा कप घोड्यापुढे धरतो, घोडाही ओठ लांब करून उरलेला सगळा चहा ओढून घेतो, वर चहात बुडवलेलं बिस्किट. तो प्रेमाने करतो, जीव आहे त्याचा त्या घोड्यावर, तक्रार अजिबात नाही. पण मुलगी आता मोठ्या स्पर्धांना उतरणार आणि तिथे सॅम्पल घेतात. सगळे म्हणतात साडेचारशे किलोच्या जनावरात अर्धा कप चहा काय दिसणार, मला काही ते पटत नाहीये. आपण रात्री घेतलेली कॉफी सकाळपर्यंत उतरते, घोड्याचंही तसंच असतं का? आणि लॅबवाले नेमकं शोधतात तरी काय?

पाषाणचा_केमिस्ट
ताई, दिसतं. हिशोबच बघा. अर्ध्या कपात साधारण 20 मिलीग्रॅम कॅफीन धरा, ते घोड्याच्या अंगभर पसरलं तरी रक्तात मिलीलीटरमागे चाळीस-पन्नास नॅनोग्रॅम राहतं. घोडा त्याने जोरात पळणार नाही हे खरं, पण आजकालच्या मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारं मशीन) एवढं भरपूर झालं.

उतरण्याचं म्हणाल तर माणसात कॅफीन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. घोड्यात बराच जास्त वेळ लागतो, वेगवेगळ्या अभ्यासांत 10 ते 20 तासांच्या आसपासचे आकडे आहेत. 16 तास धरले तर हजारावा भाग उरायला दहा वेळा निम्मं व्हावं लागेल, म्हणजे 160 तास, जवळजवळ आठवडा. आणि नुसतं कॅफीनच नाही बरं का, घोड्याचं लिव्हर त्याचे थिओफिलीन, थिओब्रोमीन, पॅराझँथिन असे तुकडे करतं, तेही लघवीत येतात आणि लॅब तेही शोधते. कोकेनचं तर मूळ रूप फार टिकतच नाही, लघवीत सापडतो तो त्याचा तुकडा, बेंझॉइलएकगोनिन, त्यावरूनच पकडतात.

अजून एक, घोड्याची लघवी आपल्यासारखी आम्लधर्मी नसते, गवतामुळे अल्कधर्मी असते. अँफेटामीनसारखी उत्तेजक औषधं त्यात विरघळून बाहेर पडायच्या ऐवजी किडनीतून परत रक्तात ओढली जातात, त्यामुळे माणसाचे तास घोड्याला लावायचेच नाहीत. शिवाय लिव्हर बऱ्याच औषधांना ग्लुकुरॉनिक अॅसिड नाहीतर सल्फेट जोडून देतं, म्हणून लॅबमध्ये आधी एन्झाइम घालून ती जोडणी तोडतात, मग सॅम्पल साफ करून मशीनला देतात. लघवी दाट, चिकट, कॅल्शियम कार्बोनेटने गढूळ, साफ करायलाच घाम निघतो.

रेसकोर्स_शेजारी
मी एम्प्रेस गार्डनजवळ वाढलोय, जुलै ते ऑक्टोबर पुण्याचा सीझन असतो तेव्हा घरात दुसरा विषय नसायचा, काका ट्रेनरकडे होते. सॅम्पल कसं घेतात ते सांगतो. शर्यत झाली की घोडा सॅम्पलिंगच्या बॉक्समध्ये (घोड्याच्या खोलीत) नेतात, खाली कोरडं गवत पसरलेलं असतं. लांब दांड्याला भांडं लावून माणूस कोपऱ्यात गप्प उभा आणि सईस हळू शीळ घालत बसतो, घोड्यांना शीळ ऐकून लघवी करायची सवय लावलेली असते. घोडा पाय ताणून जरा खाली वाकला की दांडा पुढे. आलीच नाही लघवी तर मानेच्या शिरेतून रक्त घेतात. मग मालकाच्या माणसासमोर दोन बाटल्या, ए आणि बी, सील आणि कोड नंबर, घोड्याचं नाव लॅबला कळत नाही. ए मध्ये काही निघालं तरच बी उघडायची वेळ येते. दिल्लीच्या एनडीटीएलमध्ये (राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेत) खेळाडूंबरोबर घोड्यांच्या सॅम्पलचीही तपासणी होते.

आणि कुणी दिलं, मुद्दाम दिलं की चुकून, हा प्रश्न नंतरचा. रेसिंगमध्ये पहिली जबाबदारी ट्रेनरची, एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात रायडरची, म्हणजे तुमच्या केसमध्ये मुलीच्या नावावर येतं. सईसला रागावू नका पण आजच सांगा.

मुळाकाठची_आई
बापरे, आठवडा! चहा बंद केला आजपासून, त्याला नीट समजावलं, बिचारा घाबरला. पण मग चंदीत (घोड्याच्या खाद्यात) काही आलं तर? पेंड, कोंडा सगळं बाहेरून येतं, पोत्यात काय आहे मला कसं कळणार?

व्हेट_हडपसर
हा प्रश्न चहापेक्षा महत्त्वाचा आहे. कोकोच्या टरफलांचा भाग पशुखाद्यात मिसळला गेला की थिओब्रोमीन येतं, म्हणूनच आंतरराष्ट्रीय रेसिंगमध्ये त्याला लघवीत मिलीलीटरमागे 2 मायक्रोग्रॅमची मर्यादा ठेवलीये, त्याखाली असेल तर गुन्हा धरत नाहीत. मॉर्फीनचंही तसंच, खसखशीच्या झाडाचे अवशेष खाद्यात आले की सापडतं, आणि माणसाला गुंगी आणणारं मॉर्फीन घोड्याला उलट चेकाळवतं, जागेवर ठरत नाही घोडा. 2014 मध्ये ब्रिटनच्या राणीची घोडी एस्टिमेट, आदल्या वर्षी अॅस्कॉट गोल्ड कप जिंकलेली, तिच्या सॅम्पलमध्ये मॉर्फीन निघालं, कारण दूषित खाद्य, तरी त्या वर्षीचा दुसरा नंबर काढून घेतला. राणीच्या घोडीचं असं होतं तर आपल्याकडे का नाही होणार!

अजून एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. औषध दिलेला घोडा त्याच गवतावर लघवी करतो, मग तेच गवत चघळतो, औषध परत पोटात. आयसॉक्सुप्रिन (खुराच्या दुखण्यावर देतात ते औषध) यासाठी बदनाम आहे, घोडा साफ झालाय असं वाटतं आणि बॉक्समधूनच परत येतं. म्हणून एखाद्या घोड्यावर उपचार चालू असतील तर त्याचा बॉक्स वेगळा आणि स्पर्धेआधी खालचं सगळं गवत बदलायचं, नुसतं वरून हलवून चालत नाही. तबेल्यात कुणी स्वतःसाठी खोकल्याचं औषध, पेनकिलर घेत असेल तर हात धुतल्याशिवाय चंदी मिसळायची नाही, लगामाच्या लोखंडाला हात लावायचा नाही आणि त्याने बॉक्समध्ये लघवीही करायची नाही, हे पावसाळ्यात सर्रास होतं.

चंदीचं म्हणाल तर प्रत्येक नवीन पोतं उघडलं की मूठभर नमुना पिशवीत घालून सील करा, त्यावर बॅच नंबर, उघडल्याची तारीख आणि कोणत्या घोड्याला घातलं ते लिहा, बिल त्यालाच स्टेपल करा. स्पर्धा होऊन रिझल्ट येईपर्यंत फेकू नका.

मुळाकाठची_आई
धन्यवाद डॉक्टर. आमच्याकडे कोंडा सुटा येतो, बॅच नंबरच नसतो. बंद पोत्यातला घ्यायला आजच सांगते.