उभ्या वजाबाकीपेक्षा संख्यारेषा
सकाळी ९:४५ ते दुपारी १:२० किती वेळ गेला, हे मुलं उभ्या वजाबाकीने काढतात आणि हातच्यात अडकतात. १३:२० मधून ९:४५ वजा करताना तासाकडून ६० ऐवजी १०० उसने घेतले की उत्तर येतं ३ तास ७५ मिनिटं! मूल आळशी नसतं हो, दशमान पद्धत हाताला इतकी बसलेली असते.

मी कोरी रेघ काढायला लावते. त्यावर आधीच खुणा नकोत. डावीकडे ९:४५, उजवीकडे १:२०. पहिली उडी १० पर्यंत, १५ मिनिटं. मग १० ते १, तीन तास. उरली २० मिनिटं. एकूण ३ तास ३५ मिनिटं. एका मुलीने आधी थेट १२:४५ वर उडी मारली, मग १५, मग २०. उत्तर तेच. तिला अजिबात अडवू नका, उड्या ज्याच्या त्याने ठरवायच्या.

एक चूक मात्र हमखास होते. १०, ११, १२, १ असे आकडे मोजून मुलं 'चार तास' म्हणतात. तिथे बोट उडीच्या कमानीवर ठेवून मोजायला लावा, आकड्यावर नाही. आणि बाराच्या पुढे एक येतो, हे रेघेवर आपोआप दिसतं, वेगळं समजवावं लागत नाही. उभी मांडणी नंतर शिकवली तरी चालेल, घाई कशाला?