राज्यक्रांत्या तत्त्वज्ञांनी घडवल्या की महागाईने?

गिरगावकर
मी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात लॉक, माँतेस्क्यू व रूसो यांचे विचार सांगून झाले की लगेच अमेरिकेची आणि फ्रान्सची क्रांती येते, जणू तत्त्वज्ञांनी ग्रंथ लिहिले आणि ते वाचून लोक रस्त्यावर उतरले. प्रत्यक्षात १७८९ च्या जुलैत पॅरिसमधील गरिबांना पाव परवडत नव्हता आणि अमेरिकी वसाहतींचा राग करांवर होता. मग नैसर्गिक हक्क (माणसाला जन्मतःच असलेले हक्क) आणि सामाजिक करार (राज्यसत्ता लोकांच्या संमतीतून येते हा विचार) या कल्पनांनी नेमके काय साधले? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दादरकर
आपली शंका रास्त आहे, परंतु केवळ भुकेने क्रांती होत असती तर ती फ्रान्समध्ये १७७५ मध्येच झाली असती. त्या वसंत ऋतूत धान्याचे भाव कडाडले, बाजार लुटले गेले, सैन्य आले, काहींना फाशी झाली आणि राजसत्ता जागच्या जागी राहिली. राज्य कोणाचे, हा प्रश्न त्या जमावाने विचारलाच नव्हता. १७८८ मध्ये पीक पुन्हा बुडाले, आणि अमेरिकेच्या युद्धाला केलेल्या मदतीमुळे वाढलेल्या कर्जाने खजिनाही रिकामा झाला होता. तेव्हा राजाला १६१४ नंतर एकदाही न भरलेली धर्मगुरू, सरदार आणि बाकी सारी जनता अशा तीन वर्गांची सभा बोलवावी लागली. त्या सभेसाठी गावोगावी लिहिलेल्या तक्रारवह्या पाहिल्या, तर त्यांत रूसो क्वचितच आढळतो. मिठावरचा कर आणि जमीनदारांचे शिकारीचे हक्क मात्र पानोपानी आहेत. पण १७८९ च्या जानेवारीत सिएयेस या धर्मगुरूने, तिसरा वर्ग म्हणजेच संपूर्ण राष्ट्र होय, असे एका पुस्तिकेत ठासून मांडले आणि १७ जूनला त्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा घोषित केले. गाऱ्हाणे मांडायला आलेली माणसे सार्वभौमत्वावर दावा सांगू लागली, हे काम विचारांचे. २६ ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १६ वे कलम जरूर वाचावे: जिथे हक्कांची हमी नाही आणि सत्तेचे विभाजन नाही, त्या समाजाला संविधानच नाही, असे ते सांगते. सत्तेच्या विभाजनाचा पुरस्कर्ता माँतेस्क्यू इथे उघड दिसतो.

मुलुंडवासी
अमेरिकेबाबत एक भर घालतो. १७६५ च्या मुद्रांक कायद्याला विरोध करताना वसाहतींनी इंग्रज प्रजेचे परंपरागत हक्कच पुढे केले होते, आणि लढाईला तोंड फुटल्यावरही अनेकांना राजाशी समेट हवा होता. टॉमस पेनच्या जानेवारी १७७६ मधील पुस्तिकेने वंशपरंपरागत राजेशाहीवरच घाव घातला. जुलैतील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मोठा भाग राजाविरुद्धच्या तक्रारींचाच आहे, पण त्या तक्रारींवरून सरकार उलथण्याचा अधिकार कसा मिळतो, हे सांगणारी प्रस्तावना लॉकच्या वळणाची आहे. (परीक्षेत बहुधा प्रस्तावनाच विचारतात, म्हणून तक्रारी कोणी वाचत नाही.)

परळकर
वरील दोन्ही उत्तरे पटतात, मात्र ती ग्रंथ आणि जाहीरनामे लिहिणाऱ्यांपाशीच थांबली आहेत. लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले होते, अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता, आणि फ्रान्सच्या जाहीरनाम्यात स्त्रिया नव्हत्या. ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला. दोन वर्षांनी तिचा शिरच्छेद झाला. १७९१ मध्येच सेंट डोमिंगो या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी उठाव केला. पॅरिसने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, १८०२ मध्ये नेपोलियनने तो निर्णय फिरवला, आणि १८०४ मध्ये ती वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली. हक्क सर्वांचे आहेत, असे एकदा छापून गेले की ज्यांना वगळले तेच त्याचा आधार घेतात. जोतीराव फुल्यांनी पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ तरुणपणी वाचला आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. अभ्यासक्रमात पेन आणि फुले वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत टाकलेले असल्याने हा दुवा हमखास निसटतो.

दादरकर
परळकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी हवी. डॉ. आंबेडकरांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले होते की स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. त्यामुळे पॅरिसपासून मुंबईपर्यंत एकच सरळ रेघ ओढणारे उत्तर लिहू नये.