डेव्हिड ॲटनबरो तुम्हाला कुठे भेटले? – अनुभव धागा

माहितीपटांसाठी मराठी निवेदन लिहिणं हे माझं काम. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी निसर्ग-माहितीपटांचे ब्रिटिश निवेदक ॲटनबरो यांचा एक प्रसंग आवर्जून दाखवते: 'लाइफ ऑन अर्थ' (1979) मधले रवांडातले गोरिला. खरं तर तिथे ते अंगठ्याविषयी बोलणार होते. बोटांसमोर येणारा अंगठा असल्यामुळे वस्तू घट्ट धरता येते, हा मुद्दा होता. पण गोरिला इतके जवळ आले, की तो विषय राहिला बाजूला आणि ते कुजबुजत त्यांच्या नजरेविषयी बोलू लागले. पुढे तर पिल्लं त्यांच्या बुटांशी खेळतायत आणि हे आडवे पडून हसतायत.

1926 चा जन्म, 1952 मध्ये बीबीसीत रुजू. पुढे बीबीसी 2 चे प्रमुख, मग कार्यक्रम संचालक. तिथून आणखी वर जाता आलं असतं, पण ती खुर्ची सोडून हा माणूस पुन्हा जंगलात गेला. सगळे त्यांच्या आवाजाचं कौतुक करतात. माझ्या मते त्यांचं मोठेपण गप्प कधी राहायचं हे कळण्यात आहे. पडद्यावर जे दिसतंय ते ते पुन्हा सांगत बसत नाहीत.

तुम्ही त्यांना कधी, कोणाबरोबर पाहिलंत? लिहा. लांबलं तरी चालेल.

लेस्टर, इंग्लंड
मी इथे नर्स आहे. ॲटनबरो याच गावात वाढले. वडील इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य, घरही आवारातच. प्राणिशास्त्र विभागाला न्यूट हवेत (पालीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा प्राणी) असं कळल्यावर छोट्या डेव्हिडने ते तीन पेन्सला एक या दराने पुरवले. गंमत म्हणजे न्यूट ज्या तळ्यातले होते, ते विभागाला लागूनच होतं! युद्धकाळात या घराने जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू मुलींनाही सांभाळलं. माझ्या वॉर्डातल्या एक आजी ते टीव्हीवर दिसले, की "हा आमचा मुलगा" म्हणायच्या. कसलीही ओळख नसताना.

पुणे
दूरदर्शनच्या तांत्रिक विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे पडद्यामागचं लिहितो. सुरुवातीला या माणसाचे दात मोठे दिसतात म्हणून त्याला कॅमेऱ्यासमोर आणू नये, असं वरिष्ठांचं मत होतं. 1954 मध्ये 'झू क्वेस्ट' सुरू झालं तेव्हा ते निर्माते होते, निवेदक होते लंडन झूचे जॅक लेस्टर. लेस्टर आजारी पडले, कार्यक्रम तर थेट जाणार, मग निर्मात्यालाच उभं राहावं लागलं. तिथून जे सुरू झालं ते सत्तर वर्षांच्या पुढे गेलं.

आणखी एक. बीबीसीला 35 एमएम फिल्म हवी होती, पण तो कॅमेरा घेऊन जंगलात पळता येत नाही. ॲटनबरो 16 एमएमवर अडून बसले. त्या आकारात कृष्णधवलपेक्षा रंगीत फिल्मवर चित्र स्वच्छ येतं, म्हणून रंगीत वापरली आणि प्रक्षेपण मात्र कृष्णधवल झालं! ते रंग लोकांना दिसले थेट 2016 मध्ये. पुढे बीबीसी 2 चे प्रमुख असताना 1967 च्या विम्बल्डनपासून त्यांनीच ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण आणलं. आपल्याकडे त्यासाठी 1982 उजाडलं. आमच्या पिढीला त्यातली धडपड चांगली ठाऊक आहे.

ठाणे
आमच्या घरी त्यांची ओळख 'गांधी' काढणाऱ्या रिचर्ड ॲटनबरोंचा धाकटा भाऊ अशीच होती. आमच्या बाबांना शेवटपर्यंत कौतुक मोठ्या भावाचंच.

कोल्हापूर
मला दिसत नाही. धागाकर्तीताई, तुम्ही ज्या गप्प राहण्याचं कौतुक करता, तिथेच माझी पंचाईत होते. संगीत वाजत राहतं आणि घरातले सगळे एकदम "अरे बापरे!" म्हणतात. काय झालं ते मला विचारावं लागतं. पण बीबीसी रेडिओ 4 वर 2009 मध्ये त्यांची 'लाइफ स्टोरीज' ही दहा-दहा मिनिटांची भाषणं झाली, ती मी पुन्हा पुन्हा ऐकतो. तिथे चित्र नाही, त्यामुळे सगळं शब्दांतच उभं करावं लागतं. स्लॉथवरचं भाषण ऐकून तो आळशी प्राणी झाडाला कसा लटकत असेल, हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. जरूर ऐका.

बोरिवली
'प्लॅनेट अर्थ 2' (2016) मधला शहरांचा भाग आम्ही सोसायटीतल्या आठ-दहा जणांनी एकत्र पाहिला. आमची भिंत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात बिबटे पांढरे लख्ख दिसत होते, अंधारात डुकरांवर दबा धरून. वॉचमनकाका म्हणाले, "मला रोज एवढंच दिसतं, की कुत्री भुंकायची थांबली." चित्रीकरण अप्रतिम, पण आरेच्या पाड्यांवर ज्याला वाघोबा म्हणून पुजतात, तो मला त्यात हवा होता. इथली माणसं बिबट्याला नुसती घाबरत नाहीत.

नाशिक
बोरिवलीकरांशी सहमत. त्यांच्या कितीतरी मालिकांत जंगल असतं, माणूसच नसतो. हवामानबदलावर ते 2006 च्या सुमारास स्पष्ट बोलू लागले. एवढा विश्वास कमावलेला माणूस आधी बोलला असता तर? 2021 ला ग्लासगोच्या परिषदेत नव्वदी ओलांडलेले ॲटनबरो पोटतिडकीने बोलताना पाहिले आणि वाईटही वाटलं, आदरही वाढला.

पेण
अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्यासाठी ॲटनबरो म्हणजे 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स' (1995). वेग वाढवलेल्या चित्रणात काटेरी वेल पंजे रोवत सरकते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. त्यातच ते सुमात्राच्या जंगलात माणसापेक्षा उंच फुलोऱ्याजवळ उभे आहेत. मी तिथे थांबवते आणि विचारते, "हे घरी कोण खातं?" सगळे हसतात. मग सांगते, आपली शेवळं आणि सुरण याच कुळातले, किंबहुना याच प्रजातीतले (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) सख्खे भाऊ. पावसाच्या तोंडावर ज्याची भाजी आई काकडं (आंबट रानफळं) घालून करते, नाहीतर घसा खाजतो, तेच शेवळं. पुढच्या तासाला कोणीतरी जुडी घेऊन येतंच. एकदा एकाने परसातला फुललेला सुरण आणला. कुजका वास वर्गभर पसरला, आणि किडे त्याकडे का येतात हे त्या दिवशी मला शिकवावं लागलं नाही.