केमन एस, अल्पीन ए११० की लोटस इव्होरा? ४० हजार पौंडात मिड-इंजिन गाडी

रीडिंगचा_वाईकर:
नमस्कार मंडळी. मूळचा वाईचा, गेली अकरा वर्षं रीडिंगला आहे. पसरणी घाटात बाबांच्या शेजारी बसून वळणं मोजत मोठा झालो, तेव्हापासून गाडी म्हणजे वळणं हेच डोक्यात पक्कं बसलंय. आता बऱ्याच वर्षांनी योग आलाय आणि घरच्यांनीपण हो म्हटलंय, तर एक मिड-इंजिन गाडी (म्हणजे इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे) घ्यायची आहे, सेकंडहँडच. बजेट ४० हजार पौंड, त्यातलेच तीन हजार पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला काढून ठेवणार.

तीन गाड्यांवर येऊन अडकलोय. पहिली पोर्शे केमन एस, ९८१ या पिढीतली, २०१३ ते १६ मधली, ३.४ लिटरचं सहा सिलिंडर, मॅन्युअलच हवी. दुसरी अल्पीन ए११०, २०१८-१९ ची, १.८ टर्बो, २५२ पीएस ताकदीची. तिसरी लोटस इव्होरा एस, टोयोटाचं ३.५ व्ही६ आणि वर सुपरचार्जर, ३४५ बीएचपी. शून्य ते शंभर तिन्ही साडेचार ते पाच सेकंदांत जातात, म्हणजे आकडे बघून काहीच ठरत नाही.

ऑफिसला मी ट्रेननेच जातो, त्यामुळे गाडी शनिवार-रविवारची आणि महिन्यातून एकदा वेल्सला. मुलगी सात वर्षांची आहे, तिला मागच्या सीटवर बसायचंय, आणि मागे सीट असलेली यातली एकटी इव्होरा. बाबा दर उन्हाळ्यात येतात, वय ७२, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना शेजारी बसवून एकदा वेल्समधल्या हॉर्सशू पासच्या घाटात न्यायचंय, त्यांनी मला पसरणीत फिरवलं तसं. हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे, तेव्हा ज्यांनी या गाड्या खरंच वापरल्यात त्यांनी मोकळेपणाने सांगा.

सहा_सिलिंडर:
वाईकर, अभिनंदन आधी. माझ्याकडे ९८१ एस मॅन्युअल साडेपाच वर्षं आहे, बर्मिंगहॅमला. इंजिन ही या गाडीची जान आहे, टर्बो नाही, साडेचार हजार आरपीएमच्या वर आवाज बदलतो आणि पुढे सात हजारांपर्यंत नुसता चढत जातो. नंतरच्या ७१८ मध्ये चार सिलिंडर टर्बो टाकलं, ताकद वाढली पण तो आवाज गेला, म्हणून लोक अजून ९८१ शोधतात. सहा सिलिंडर परत आलं ते २०१९ च्या जीटी४ आणि मग २०२० च्या जीटीएस ४.० मध्ये, त्या तुमच्या बजेटच्या बाहेर आहेत.

तक्रार एकच, गिअर फार लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये रेडलाइन (इंजिन फिरायची कमाल मर्यादा) यायच्या आधीच इथल्या रस्त्यांची ताशी साठ मैलांची लिमिट मागे पडते, त्यामुळे गाडी पूर्ण पिळायची संधी फार कमी मिळते.

बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंना हवा आत जायची तोंडं आहेत, त्यांच्या मागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर. तिथे पानं अडकतात, ओली राहून कुजतात आणि कंडेन्सर खातात. खाली वाकून आत बघा, काळा चोथा दिसला तर समजायचं कुणी कधी साफ केलंच नाही. दुसरं म्हणजे ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट काढायला सांगा. चुकून पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि त्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते, स्पेशालिस्टला ती वाचता येते. आणि स्वस्त मिळते म्हणून आधीच्या ९८७ पिढीतल्या, २००५ ते ०८ वाल्या एसकडे वळू नका, त्या ३.४ मध्ये सिलिंडरला आतून चरे पडायचा त्रास ठाऊक असलेला आहे, कॅमेरा आत घालून बघितल्याशिवाय घ्यायची नाही.

निळी_अल्पीन:
मी ब्रिस्टलला असते, ए११० तीन वर्षं वापरतेय. आकडे सोडा म्हणालात, तरी एक आकडा धरून ठेवा, अकराशे किलो. केमन एस तेराशेच्या वर आहे आणि इव्होरा एस चौदाशेच्या वर. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो पण पहिल्याच गोल चौकात कळतो. हलकी असल्यामुळे स्प्रिंगा कडक ठेवायची गरज पडलेली नाही, वेल्सच्या फुटक्या रस्त्यावर ही गाडी खड्डा गिळून पुढे जाते, मऊ आहे आणि तरी वळणात लोळत नाही. चारही चाकांना डबल विशबोन (दोन आडव्या भुजांचं सस्पेन्शन) आहे, अख्खी चेसिस अ‍ॅल्युमिनियमची. साठच्या स्पीडलाच मजा येते, लायसन्स पणाला लावावं लागत नाही. हायवेवर पेट्रोलपण बेताचंच पिते.

आता जे आवडत नाही ते. मॅन्युअल नाहीच, सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक एवढाच पर्याय, तुम्हाला मॅन्युअलच हवी असेल तर विषय इथेच संपला. ग्लोव्ह बॉक्स नाही. डिक्की मागे ९६ लिटरची, पुढे साधारण तेवढीच पण उथळ. मागची इंजिनच्या पाठीला लागून असल्यामुळे गरम होते, मी एकदा पाडव्याला घरी केलेलं श्रीखंड मागे ठेवून कार्डिफला नेलं, पोचेपर्यंत पार सैल झालं होतं. तेव्हापासून खायचं काही असलं की पुढे.

बाबांसाठी महत्त्वाचं, प्युअर मॉडेलमध्ये साबेल्ट कंपनीच्या बकेट सीट असतात, १३ किलोची एक, सुंदर आहेत पण कडा उंच, मांडीला लागतात, आणि उंची बदलायची तर पाना घेऊन बोल्ट सोडवावे लागतात. माझ्या सासूबाईंना त्यातून उठताना हात द्यावा लागतो. लिजांद मॉडेलला नेहमीसारख्या अ‍ॅडजस्ट होणाऱ्या सीट आहेत, बघायचीच तर ती बघा. ब्रिस्टलला आलात तर माझी चालवून बघा, मनापासून सांगतेय.

चेसिसवेडा:
मी कॉव्हेंट्रीला गाड्यांच्याच कामात आहे, चार वर्षं इव्होरा एस वापरली, गेल्या वर्षी विकली. आधी थोडं मिड-इंजिनबद्दल, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. भरलेली कळशी हात लांब करून धरली आणि गिरकी घेतली तर ती तुम्हाला ओढत नेते, तीच कमरेवर घेतली की चटकन वळता येतं आणि चटकन थांबता येतं. इंजिन चाकांच्या मध्ये आणलं की गाडीचं तेच होतं. पण चटकन वळणारी गाडी चटकन फिरतेही, ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे जातं, मागची पकड कमी होते आणि सावरायला वेळ कमी मिळतो. तिघींमध्ये मागे सगळ्यात जास्त वजन इव्होराचं आहे, ६१ टक्के, अल्पीनचं ५६ आणि केमनचं ५४ च्या आसपास.

म्हणून टायर आधी बघा. बाजूला कोड असतो त्यातले शेवटचे चार आकडे, २३१७ लिहिलं असेल तर तो २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर थंडीत दगड होतं. चारही एकाच कंपनीचे हवेत. मागे एक, पुढे वेगळेच, असं असेल तर मालकाने बाकी कुठे पैसे वाचवलेत तेही शोधा.

इव्होराचं स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे, बाकी दोघींचं इलेक्ट्रिक. रस्त्याचा खडबडीतपणा, पाण्याचा पातळ थर, पुढच्या चाकाची पकड सुटायला लागणं, हे सगळं हातात येतं. अशी गाडी मी दुसरी चालवलेली नाही आणि विकल्याचं वाईट आजही वाटतं. इंजिन टोयोटाचं, त्याने कधी दगा दिला नाही. पण क्लच बदलायचा तर मागचं बरंच काही उतरवावं लागतं, मजुरीच हजारांत जाते, तेव्हा आधीच्या मालकाने तो कधी बदलला याची पावती मागा.

मागच्या सीटचं मात्र स्पष्ट सांगतो. पुढे पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस बसला की मागे पायाला जागाच राहत नाही, पाठही सरळ उभी. आम्ही तिथे बॅगाच ठेवायचो. मुलीला १३५ सेंटीमीटर होईपर्यंत किंवा बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते, चाइल्ड सीट लागणारच, आणि ती पुढे शेजारी लावायला इथे बंदी नाही. आणि इव्होराचा उंबरा रुंद आहे, दार उघडून पाय त्याच्यावरून पलीकडे न्यायचा आणि मग खाली बसायचं. २०१५ च्या ४०० मॉडेलपासून तो कमी केला, पण चांगली ४०० तुमच्या आकड्यात बसणं कठीण. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन जाऊन बसवून बघा, आधी काही ठरवू नका.

कोथरूडचा_गाडीवाला:
मस्त धागा. एक विचारतो, पुढे कधी भारतात परत यायचा विचार असेल तर ही गाडी आणता येईल का? मी इथे थोडी चौकशी केलेली आहे. जुनी गाडी आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली चालत नाही, आणि वर ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. तेव्हा तिघींपैकी एकही येणार नाही. आणि आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीड ब्रेकर बघितला तर बरंच झालं म्हणायचं. तिथेच मनसोक्त चालवून घ्या.

रीडिंगचा_वाईकर:
सगळ्यांचे आभार, उशीर झाला उत्तर द्यायला. बाबा दहा दिवसांपूर्वी आले, त्यांना आणि लेकीला घेऊन दोन शनिवार फिरलो.

इव्होरा आधी. चेसिसवेडा, स्टीअरिंगबद्दल तुम्ही लिहिलं त्याच्या दुप्पट खरं आहे, उतरल्यावर बराच वेळ हात शांत होत नव्हते. पण बाबांनी दाराची चौकट धरली, चांगला पाय आत टाकला, आणि ऑपरेशनचा पाय हाताने उचलून उंबऱ्यावरून न्यायला लागला. बोलले काहीच नाहीत, उतरल्यावर फक्त पाणी मागितलं. लेक मागे बसली, दोन मिनिटांनी म्हणाली गुडघे टोचतायत. इव्होरा तिथेच सोडली.

मग केमन, एका घरगुती मालकाकडची. बाबा पाठमोरे झाले, आधी सीटवर टेकले, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले, आपण रिक्षात बसतो तसे. म्हणाले, हे जमतंय. मन तिथेच हो म्हणत होतं. पण टॉर्च नेला होता, उजव्या बाजूच्या तोंडात बघितलं तर चहाच्या चोथ्यासारखा ओला काळा थर, बोट लावलं तर मागची पातळ पाती भुगा होऊन हातात आली. मालक म्हणत होते एसीला फक्त गॅस भरायचाय. एमओटीचा (इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास नंबर टाकून ऑनलाइन बघितला तर मागच्या दोन्ही वर्षी पुढच्या टायरच्या आतल्या कडेची झीज लिहिलेली, आणि टायर अजून तेच. सोडून दिली. सहा_सिलिंडर, तुमच्यामुळे माझे मोठे पैसे वाचले.

आता दुसरी एक केमन एस बघितलीय, २०१४ ची, ४१ हजार माइल, एका स्पेशालिस्टकडे नेहमी सर्व्हिस झालेली, आतली तोंडं स्वच्छ आणि वर जाळी बसवलेली. ओव्हर-रेव्हचा रिपोर्ट मागितला तर मालकाने स्वतःहून मागच्या सर्व्हिसचा प्रिंट पुढे केला. किंमत ३६ हजार सांगतोय. गुरुवारी तपासणी ठरलीय.

ताई, तुमची अल्पीन चालवायला मात्र आलो नाही, मुद्दाम. क्लच पायाखाली हवाच आहे मला, बाबांनी त्याच्यावरच शिकवलंय, आणि तुमची चालवली असती तर गोंधळ वाढला असता असं मनापासून वाटतं. लेकीला सांगितलंय की तिची सीट पुढे, आजोबा नसतील तेव्हा. ती रुसलीय अजून.

सहा_सिलिंडर:
जाळी बसवलेली आहे म्हणजे माणूस जपणारा दिसतोय. गुरुवारी तपासणाऱ्याला गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची गळती बघायला सांगा, आणि सुरू करताना इंजिन पूर्ण थंड असू दे, आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा आणि थंड होऊ द्या. ऑइलची पातळी स्क्रीनवरच दिसते, फिरून परत आल्यावर ती बघा.

रीडिंगचा_वाईकर:
लिहून घेतलं. मालकाला आत्ताच मेसेज केला, सकाळी गाडीला हात लावू नका म्हणून, हो म्हणाला. बाबा पंधरा तारखेला परत जातायत, त्याच्या आधी हॉर्सशू पास झाला पाहिजे.